पडणे-पाडणे आणि इंग्रजीतले लाय-ले

प्रश्न असा आहे: ‘शी ले ऑन द बेड’ आणि ‘शी लेड द बेबी ऑन द बेड’ ही दोन्ही वाक्यं बरोबर असतील, तर ‘ले’ हा ‘लाय’चा भूतकाळ समजायचा की स्वतंत्र क्रियापद?

दोन्ही. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, पडून असणं. ते अकर्मक, आणि त्याची रूपं लाय, ले, लेन. ‘ले’ म्हणजे ठेवणं, आडवं करणं. ते सकर्मक, आणि त्याची रूपं ले, लेड, लेड. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ उच्चारात नि स्पेलिंगमध्ये तंतोतंत सारखे, म्हणून गोंधळ होतो. खोटं बोलण्याचा ‘लाय’ यांच्या नात्यातला नाही. त्याचं मूळ निराळं आणि भूतकाळ ‘लाइड’.

ही जोडी पाठ करण्यापेक्षा ओळखीच्या वाटेनं समजून घ्यावी, असं मला वाटतं. मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे अशा जोड्या आहेत. आतला स्वर बदलला की आपोआप होणारी क्रिया कुणीतरी घडवून आणलेली होते. लाय-ले हे असंच प्रयोजक नातं आहे. इंग्रजीत अशा जोड्या थोड्याच उरल्यात: सिट-सेट, राइझ-रेझ आणि फॉल-फेल. यातला ‘फेल’ म्हणजे झाड तोडून पाडणे. तो ‘फॉल’चा भूतकाळही आहे, म्हणजे तिथेही हाच पेच!

या साम्याच्या मुळाशी खरं नातं आहे. संस्कृतात ‘पतति’ (पडतो) याचं ‘पातयति’ (पाडतो) होतं, ‘सीदति’ (बसतो) याचं ‘सादयति’ (बसवतो). या ‘अय’ प्रत्ययाचा भाऊबंद इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही होता. तिथल्या ‘य’नं आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढलं आणि पुढे तो स्वतः झिजून गेला, मागे राहिला तो बदललेला स्वर. ‘सादयति’ आणि ‘सेट’ एकाच मूळ रूपातून आलेत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या साध्या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

वापरताना मी मराठी वाक्य भूतकाळात, तृतीय पुरुषात करून बघतो. ‘ती आडवी झाली’: कर्त्याला ‘ने’ नाही, म्हणून ‘शी ले डाउन’. ‘तिने वही ठेवली’: ‘ने’ आला, म्हणून ‘शी लेड द नोटबुक’. ‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ लागत नाही, म्हणून तृतीय पुरुषच घ्यावा. शिवाय ‘तो बोलला’, ‘ती विसरली’ अशी काही क्रियापदं कर्म असूनही ‘ने’ घेत नाहीत. पण झोपणं, पडणं, ठेवणं, मांडणं यांच्यापुरती ही खूण दगा देत नाही.

‘द हेन्स आर लेइंग’मध्ये कर्म दिसत नाही, तरी ते आहेच: अंडी. ‘घालणे’ आपल्याकडेही सकर्मकच. मात्र ‘आय ॲम लेइंग डाउन’ला असा आधार नाही. इंग्रजी मातृभाषा असणारे बोलताना असं सर्रास म्हणतात आणि ही सरमिसळ कित्येक शतकांची आहे, त्यामुळे बोलण्यात कुणाला टोकू नये. लिहिताना ‘लाइंग डाउन’च लिहावं. आणि पत्र कितीतरी दिवस तिथेच पडून असेल, तर ‘हॅज लेन’. ‘लेन’ कानाला अनोळखी वाटतं म्हणून ‘हॅज लेड’ लिहू नये.