सापडलं नाही आणि बघितलं नाही

अगं पोरी,

तुझा परवा रात्रीचा मेसेज मी तीनदा वाचला. अठरा महिने झाले, दर पंधरवड्याला खाडीत उतरतेस, तिसऱ्या नि शिनाणे, असे शिंपले आणतेस, सोलतेस, वाटतेस, गाळतेस, मशीनवर लावतेस आणि प्रत्येक वेळी बीडीएल, म्हणजे मोजण्याइतकं विष नाहीच. गाइड म्हणतात यात पेपर होणार नाही, मायक्रोप्लास्टिकवर ये. पुण्याच्या फार्मा कंपनीची क्यूसीची, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायच्या कामाची, ऑफर आहे. आणि सगळ्यात खाली, जाता जाता लिहावं तसं, सप्टेंबरचा दुसरा नमुना राहून गेला, तर गाइड म्हणतात तशी तिथे मागच्या-पुढच्याची सरासरी टाकू का?

बाकीचं नंतर बोलू, आधी ते शेवटचं. सरासरी टाकायची नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. 'सापडलं नाही' आणि 'बघितलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवशी तू खाडीत नव्हतीस, शिंपल्यांत काय होतं ते जगात कुणालाच माहीत नाही, मग आकडा येणार कुठून? दोन बाजूंना शून्य आहे म्हणून मधेही शून्यच, हे तू लिहिशील आणि वाचणारा म्हणेल बघितलं होतं.

आणि चुकवलास तो सप्टेंबरच चुकवलास, याचा मला खरंच राग आला. पावसाळ्याच्या शेवटी आपल्या किनाऱ्यावर खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, ऊन पडायला लागतं, आणि अलेक्झांड्रियम काय, जिम्नोडिनियम काय, विष तयार करणाऱ्या या सूक्ष्म जिवांना हवी तशी जागा तयार होते. चिखलात त्यांच्या बिया पडून असतात, वर्षानुवर्षं. एक शिनाणं तासाला एक-दोन लिटर पाणी गाळतं, म्हणजे पाण्यात थोडं असलं तरी मांसात काही दिवसांत साठतं, आणि पाणी स्वच्छ झालं की काही आठवड्यांत निघूनही जातं. हे सगळं तुझ्या एका चुकलेल्या फेरीत येऊन जाऊ शकतं. सप्टेंबर 1997 मध्ये विळिंजमला, केरळात, सात माणसं गेली आणि जवळजवळ पाचशे जण दवाखान्यात भरती झाले. खडकावरचे शिनाणे खाऊन, पिढ्यानपिढ्या खात आलेले तेच शिनाणे. त्याआधी 1981 मध्ये तामिळनाडूत तिघं गेले, 82 जण दवाखान्यात, तिथे तिसऱ्या होत्या. 1983 मध्ये मंगळूरजवळ. प्रत्येक वेळी पहिली खबर माणसाच्या ओठांनी दिली. आधी ओठांना मुंग्या, मग बोटांना, मग शरीर तरंगल्यासारखं वाटतं, आणि जास्त गेलं असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही, ते उतरेपर्यंत मशीनने श्वास चालू ठेवायचा, बस. ती खबर माणसाच्या आधी शिंपल्याने द्यावी म्हणून तू चिखलात उतरतेस.

आता माझं सांगते, आजवर कुणाला नीट सांगितलं नाही.

तेव्हा मी तुझ्याएवढीच होते, प्रोजेक्टवर, मशीन वगैरे काही नव्हतं, उंदीर होते. शंभर ग्रॅम मांस, शंभर मिली पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, पाच मिनिटं उकळायचं, गाळायचं, आणि त्यातलं एक मिली वीस ग्रॅमच्या उंदराला टोचून हातात स्टॉपवॉच धरून बसायचं, शेवटचा श्वास कधी ते बघत. माझे उंदीर कधी मेले नाहीत. दोन वर्षं एकही नाही. मग एका पावसाळ्यात माझ्या लागोपाठ दोन फेऱ्या राहिल्या. जीप मिळाली नाही, घरी आजारपण होतं, आणि खरं सांगायचं तर मनात आलं की जाऊन काय होणार आहे, शून्यच येणार. पुढच्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांचा फोन. खाडीपलीकडच्या वाडीतली एक बाई आणि तिची दोन मुलं, रात्री मुळ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सार खाल्लं, ओठ नि जीभ बधिर, मोठ्या मुलाला उभं राहता येईना. डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, मॅडम, खाडीत काही आहे का? मी वही उघडली. दोन रांगा रिकाम्या. फ्रीझरमध्ये त्या तारखांचं काही नाही. मी म्हणाले, सांगता येत नाही.

तिघंही वाचली. त्यांना काय झालं होतं ते मला आजही ठाऊक नाही, शिंपल्यांमुळे की आणखी कशाने, आणि आता ते कधीच कळणार नाही कारण वेळ होती तेव्हा मी घरी होते. पण माझी खरी चूक ही नाहीच. चूक मार्चमध्ये झाली. वार्षिक रिपोर्टच्या टाइप केलेल्या तक्त्यात माझ्या दोन रिकाम्या रांगांत 'निरंक' लिहिलेलं होतं. मी ते बघितलं, डॉक्टरांचा फोन मला आठवत होता, आणि मी सही केली. तो तक्ता अजून कुठल्यातरी कपाटात आहे, आणि तो म्हणतो त्या महिन्यात खाडी स्वच्छ होती. तुझा मेसेज वाचून मला रात्री झोप लागली नाही ती यासाठी.

त्यानंतर मी रिकामी रांग कुणाला भरू दिली नाही. दोनदा भांडण झालं, एकदा माझी बदली झाली, पीएचडी राहिली ती राहिलीच. बरोबरची माणसं पुढे गेली. घरचे म्हणाले एवढं ताणायची काय गरज होती, एका रांगेसाठी. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही मला तेच वाटतं. मला थोडं गोड बोलता आलं असतं, ते मान्य. पण ती रांग भरू दिली असती तर पुढची पंधरा वर्षं मी कुठल्या तोंडाने नमुने काढले असते, सांग मला. असो. हे तुझं पत्र आहे.

तर पेपरचं. 1927 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर शिनाणे खाऊन 102 जण आजारी पडले, सहा गेले. त्यानंतर कॅलिफोर्नियात दरवर्षी 1 मे ते 31 ऑक्टोबर लोकांनी स्वतःच्या खाण्यासाठी शिनाणे काढायला बंदी असते, आणि किनाऱ्यावर ठरलेल्या जागी मुद्दाम शिनाणे लावून ते पुन्हा पुन्हा तपासतात. त्यातले बहुतेक नमुने निर्विषच निघणार, तरी ते थांबत नाहीत, कारण त्या निर्विष नमुन्यांवरच तर कळतं की आज काहीतरी बिघडलंय. 1987 मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाच्या शिनाण्यांनी माणसांची स्मरणशक्ती घालवली, शंभरावर आजारी. तिथल्या शास्त्रज्ञांनी 104 तासांत विष शोधून काढलं, डोमोइक आम्ल, तोवर शिनाण्यांत असं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. विषारी शिनाणे आणि चांगले शिनाणे शेजारी ठेवून फरक कुठे आहे ते बघितलं. चांगले शिनाणे लागतातच गं. तुझ्या फ्रीझरमध्ये अठरा महिन्यांचे चांगले शिनाणे आहेत, तारखेसकट, आणि तू म्हणतेस माझ्याकडे काही नाही.

पण नुसतं बीडीएल लिहू नकोस, याची मला चीड येते. कुठली पद्धत, किती खाली बघू शकत होतीस, ते प्रत्येक शून्याशेजारी लिही. आमचा उंदीर शंभर ग्रॅममागे साधारण 40 मायक्रोग्रॅमच्या खाली बघू शकायचा नाही, आणि धोक्याची हद्द 80. म्हणजे माझं शून्य कधीकधी 35 असेल. तुझं मशीन त्याच्या कितीतरी खाली जातं. तुझं शून्य आणि माझं शून्य एकच नाही, आणि तीस वर्षांनी कुणी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर त्याला हे कळलं पाहिजे. 'सापडलं नाही' म्हणताना किती बारीक बघितलं तेही सांगायला लागतं, नाहीतर ते पुन्हा 'बघितलं नाही'च्या जवळ जाऊन बसतं.

तू लिहिलंस की तिसऱ्या काढणाऱ्या बायका विचारतात, ताई काय मिळालं, आणि तुला लाज वाटते. लाज कसली? त्यांना सांग, आज काही नाही. आजचं सांग, उद्याचं सांगू नकोस. आणि बोलतेच आहेस तर हेही सांग की पाण्याकडे बघून कळत नाही. निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ सगळे फिरवतात, तो नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव, त्याने शिंपले असे विषारी होत नाहीत, आणि ज्याने होतात तो लिटरमागे काहीशे पेशी असला तरी पुरतो, पाणी नितळ दिसतं. चांदीचं नाणं टाकून कळत नाही. शिजवून जात नाही. कोकम घातलं म्हणून तर अजिबातच नाही, आपण लॅबमध्ये ते आम्लातच उकळतो की, आम्लात ते टिकतं म्हणूनच. उलट ते पाण्यात विरघळतं आणि सारात उतरतं, आणि आपण सार टाकून देणारी माणसं नाही. एकशिपी करा नाहीतर कालवण, फरक पडत नाही. ओठांना मुंग्या आल्या तर झोपून बघू म्हणायचं नाही, लगेच दवाखाना, आणि उरलेलं कालवण डब्यात घालून सोबत न्यायचं. हे शेवटचं मी त्या वाडीत कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्रीचं उरलेलं सार असतं तर मला आज माहीत असतं.

मायक्रोप्लास्टिकचं म्हणशील तर विषय वाईट नाही, कर हवं तर. तेच शिनाणे, तीच फेरी, अर्धं मांस त्याला दे, अर्धं याला. गाइडना असं विचारलंस का? मला वाटतं विचारलं नाहीस, रडत बसलीस. त्यांनाही पेपर मोजूनच जोखतात, त्यांचा नाइलाज मला कळतो, पण म्हणून त्यांनी सांगितलेली सरासरी खरी होत नाही.

पुण्याला जायचं असेल तर जा. घरी पैसे लागतात हे मला माहीत आहे, त्यात मी काही बोलणार नाही, क्यूसीतही हेच शिकलेलं कामी येईल. फक्त जाताना वही कुणाच्यातरी हातात देऊन जा, कपाटात ठेवून जाऊ नकोस. कुणी नसेल तर माझ्याकडे आणून दे. गुडघे गेलेत पण उधाणाच्या सुकतीला पहाटे काठापर्यंत मी अजून येऊ शकते, आणि कंबरभर पाण्यात उतरायला त्या बायका आहेत, त्यांना जागा माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे.

आज एवढं कर. सप्टेंबरच्या त्या रांगेत पेनाने लिही, पेन्सिलने नको: 'गेले नाही.' पुढे कारण लिही, जे असेल ते, ताप असेल तर ताप, कंटाळा असेल तर कंटाळा. खाली आजची तारीख टाक, सही कर आणि फोटो मला पाठव. मी जागी आहे.

तुझी मावशी