नीलगिरी बांधावर लावू का?

मृग जवळ आला की रोपांच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात आणि माझ्याकडे नीलगिरीचे तेच ते प्रश्न येतात. या वेळी एकत्रच उत्तरे देतो.

धुळे : तेल निघते ती नीलगिरी आणि आमच्या शेतातली एकच का?

नाही. या वंशात ७०० हून अधिक जाती आहेत, बहुतेक सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. तेलासाठी नावाजलेली ब्ल्यू गम थंड डोंगरात वाढते. आपल्याकडे येते ती म्हैसूर गम आणि तिच्यासारख्या उष्णता सोसणाऱ्या जाती.

पारोळा : दारात झाड लावले तर डास पळतात का?

नाही. साचलेले पाणी काढा, टाकी झाका.

यावल : केळीला वारा अडेल आणि घडांना टेकू मिळतील म्हणून बांधावर २०० रोपे लावायची आहेत. विहीर ४० फुटांवर आहे. शेजारी म्हणतो, "इहीर आटी जाई." खरे का?

शेजाऱ्याची भीती रास्त आहे. हे झाड बारा महिने हिरवे असते. उन्हाळ्यात साग पाने गाळून पाणी वाचवतो, नीलगिरी वाढतच राहते आणि त्या वाढीला पाणी लागते. कर्नाटकात होसकोटे इथे मोजणी झाली, तेव्हा कोवळ्या नीलगिरीने पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी वापरलेले आढळले. खोल मातीत मुळे वर्षागणिक खाली जात होती आणि जुनी साठलेली ओल उचलत होती. त्याच राज्यात उथळ मातीच्या ठिकाणी मात्र तिचा पाणीवापर जवळच्या जंगलाइतकाच निघाला. म्हणजे सगळे मातीच्या खोलीवर आहे, आणि तुमची तापीकाठची गाळाची जमीन खोल! त्यात यावल-रावेरचा भूजल उपसा आधीच मर्यादेपलीकडे गेलेला.

तुमच्याच भागात एका विहिरीत उतरून पाहिले आहे. दगडी बांधकामाच्या फटींतून बोटाएवढी मुळे आत आलेली, टोकांना केसांसारखे ओले झुपके. वर बांधावर आठ नीलगिऱ्या. मालक तीन वर्षे "पुढच्या वर्षी काढू" म्हणत होते आणि तेवढ्यात विहीर आणखी खोल करावी लागली. अशी दिरंगाई करू नका.

वाऱ्यासाठी शेवरी, म्हणजे भराभर वाढणारे शेंगांचे झुडूप, लावा, ती आपल्या केळीवाल्यांच्या ओळखीची आहे. टेकूंसाठी बांबू आहे. तरीही नीलगिरीच हवी असेल, तर आधी मातीची खोली आणि विहिरीची पातळी भूजल सर्वेक्षणाच्या तज्ज्ञाला दाखवा.

शहादा : एजंट क्लोन रोपे (एकाच निवडक झाडाच्या फांद्यांपासून केलेली) देतो, पाच वर्षांनी ठरलेल्या भावाने लाकूड उचलू म्हणतो. घेऊ का?

लेखी करार आहे का? त्यावर खरेदीदाराची सही आहे, की फक्त एजंटची? रोपाचे पैसे आज, भाव पाच वर्षांनी आणि फोन लागेल की नाही देव जाणे. रंगीत माहितीपत्रकावरचा एकरी उत्पन्नाचा आकडा भरपूर पाणी आणि चांगली जमीन धरून काढलेला असतो, हे कोणी सांगत नाही. करार वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तोडणी-वाहतुकीचे नियम वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा, एजंटला नको.

अमळनेर : देठांवर आणि पानांच्या शिरांवर गाठी येतात. कोणते औषध फवारू?

लगेच काही फवारू नका. नीलगिरीवर बारीक गांधीलमाशीमुळे अशा गाठी येतात, आणि कीड गाठीच्या आत असते. फांदी कृषी विज्ञान केंद्रात नेऊन खात्री करा. गाठी असलेली रोपे रोपवाटिकेतून उचलूच नका.

नंदुरबार : नातवाला सर्दी झाली की साखरेवर दोन थेंब तेल देतो. चालेल का?

अजिबात नाही! थोडेसे तेल पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. "आमच्या आजीने दिले होते" हे कारण पुरत नाही. छातीला किंवा नाकाला लावण्याचेही बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. चुकून प्याला असेल तर उलटी करायला लावू नका, घरी वाट पाहत बसू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.