वाचक विचारतात: धर्मवेड, खून आणि फसलेलं पुस्तक

प्रश्न: अमेरिकेतल्या युटा राज्यात 1984 साली दोघा भावांनी 'देवाचा आदेश' म्हणत धाकट्या भावाच्या बायकोचा आणि तिच्या 15 महिन्यांच्या मुलीचा खून केला. त्यावरचं जाडजूड पुस्तक वाचलं. निम्मी पानं मॉर्मन या अमेरिकेत उगवलेल्या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासातच गेली आणि खून का झाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझंच वाचन कमी पडलं का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: नाही, पुस्तकच कमी पडलं. इतिहासाला हरकत नाही. 1857 मध्ये युटातल्याच माउंटन मेडोज इथं सुमारे 120 प्रवाशांची कत्तल झाली, ती पंथाच्या खात्यावर आहेच. पण पंथानं बहुपत्नीत्व 1890 मध्ये अधिकृतपणे सोडलं, आणि या भावांना तर खुनाआधीच बाहेर काढलं होतं. जुन्या कत्तलीवरून थेट 1984 वर उडी मारली की मधला सगळा माणूस गळतो.

खरा ऐवज त्या मधल्या भागात आहे. खुनी भावांपैकी थोरल्याची बायको मुलांना घेऊन निघून गेली. तिला धाकट्या जावेनं, म्हणजे पुढं खून झालेल्या बाईनं, आधार दिला. त्यानंतर थोरल्यानं 'आदेश' कागदावर उतरवला. त्यातली नावं बघा: ती जाऊ, तिची तान्ही मुलगी, बायकोला मदत करणारी एक बाई आणि त्याला पंथाबाहेर काढणारा पदाधिकारी. देवाची यादी आणि याच्या रागाची यादी तंतोतंत एक! कागद त्यानं आपल्या छोट्या गटापुढे ठेवला, गटानं तो नाकारला. एका सदस्यानं एप्रिलमध्ये आपला नकार नोटरीसमोर नोंदवून ठेवला, पण पोलिसांकडे गेला नाही. खून झाला 24 जुलैला. लेखकानं मुक्काम करायचा तो या साडेतीन महिन्यांत.

दुसरी जागा कोर्टाची. थोरल्याची मृत्युदंडाची शिक्षा 1991 मध्ये अपिलात रद्द झाली, कारण खटला चालवण्याइतका तो मनानं सक्षम आहे का, हे चुकीच्या निकषावर ठरवलं होतं. 1996 च्या फेरखटल्यात पुन्हा मृत्युदंड सुनावला गेला, पण अंमलात आला नाही. 2019 मध्ये तो तुरुंगातच मेला. श्रद्धा कुठं संपते आणि आजार कुठं सुरू होतो, यावर तज्ज्ञांच्या उलटतपासण्या झाल्या. असं पुस्तक घेताना आधी मागच्या टिपा उघडा. बंद खोलीतला संवाद अवतरणात असेल आणि त्याला साक्षीचा किंवा मुलाखतीचा आधार नसेल, तर तो लेखकानं रचलाय असं समजा. करवीर नगर वाचन मंदिरात उभ्या उभ्या होणारं काम आहे हे.

प्रश्न: दाभोलकर-पानसरे खुनांवरचं लिखाण कसं पारखावं?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: आधी प्रकाशनाची तारीख बघा. दाभोलकर प्रकरणात पुण्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल 10 मे 2024 चा. पाच आरोपींपैकी दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. त्याआधीचं लिखाण फार तर दोषारोपपत्र आणि तोवरच्या साक्षींवर उभं आहे. पानसरेंवर 16 फेब्रुवारी 2015 ला कोल्हापुरात सागरमाळ भागात गोळ्या झाडल्या, 20 तारखेला ते गेले. त्यांच्याबाबत 'सिद्ध झालं' असं वाचलंत, तर कुठल्या निकालात, हे लेखकाला विचारा.

'आरोपीनं कबुली दिली' या वाक्यावर तर हमखास थांबा. पोलिसांपुढची कबुली एरवी पुरावा ठरत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 23. दंडाधिकाऱ्यापुढची कबुली वेगळी. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला असेल तर पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुलीही चालते. कबुली कुणापुढे झाली हे न सांगणारा लेखक वर्तमानपत्रातली कात्रणं जुळवतोय.

मूळ निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याच्या 16 अक्षरी सीएनआर क्रमांकानं शोधता येतो. नंबर नसेल तर आरोपीचं नाव आणि वर्ष घालून बघा. सुरुवातीचा 'मुद्दे व निष्कर्ष' तक्ता वाचा, मग थेट प्रत्यक्षदर्शींच्या उलटतपासणीवर या. पंचनाम्यांचे परिच्छेद पहिल्या वाचनात गाळले तरी चालतील. पिस्तूल आणि पुंगळ्यांचा बॅलिस्टिक अहवाल मात्र गाळू नका.