पाणी शिरलेली म्युझिक सिस्टीम : चालू करून पाहण्यापूर्वी

परतीच्या पावसाच्या रात्री जुळे सोलापुरात कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीत डाव्या सीटच्या पायापाशी पाणी साचले, स्क्रीन लुकलुकून बंद पडला, आवाज एकाच बाजूने येऊ लागला आणि दुकानदाराने संपूर्ण सिस्टीम बदलण्याचा सल्ला दिला, असे आपण लिहिले आहे. तो निर्णय घाईने घेऊ नये आणि तोपर्यंत सिस्टीम एकदाही चालू करून पाहू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सर्किट बोर्ड नुसत्या पाण्याने सहसा मरत नाही. तो ओला असताना त्यातून वीज वाहत राहिली म्हणजे मरतो. पाण्यातील क्षारांमुळे विद्युत अपघटन सुरू होते, धन बाजूचे तांबे विरघळते, हिरवट थर जमतो आणि धातूचे केसासारखे बारीक तंतू शेजारच्या पिना एकमेकींना जोडून टाकतात. चावी काढल्याने हे थांबत नाही, कारण घड्याळ आणि सेटिंग टिकवण्यासाठी सिस्टीमला बॅटरीतून 12 व्होल्ट कायम मिळत असतात. म्हणून आजच बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे.

उघडण्यापूर्वी फोटो काढून विमा कंपनीला कळवावे. सर्व्हेअर येण्याआधी केलेली खोलाखोली दाव्याच्या आड येऊ शकते, आणि बाहेरून बसवलेली सिस्टीम पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर तिची भरपाई सहसा मिळत नाही.

टर्मिनल काढल्यावर किमान दहा मिनिटे थांबावे आणि डॅशबोर्डमधील किंवा सीटखालील तारा जोडणाऱ्या पिवळ्या कपलरना हात लावू नये, कारण ते बहुधा एअरबॅगचे असतात. अँप्लिफायर सीटखाली असेल तर प्रथम तोच बाहेर काढावा. तो सर्वांत खाली असल्यामुळे सर्वांत जास्त भिजतो, आणि एका बाजूचा आवाज जाण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

साफसफाईत बहुतेक जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ते पाणी काढून टाकते, पण क्षार नीट विरघळवत नाही. गाडीत रस्त्यावरचे गढूळ किंवा बोअरचे जड पाणी गेले असेल, तर बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने धुवावा, मगच 99 टक्के अल्कोहोलने. पहिले पेट्रोल पंपावर बॅटरीचे पाणी म्हणून मिळते. मात्र बाटलीत ॲसिड नाही, याची खात्री करून घ्यावी. दुसरे नवी पेठेतील मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे विचारावे. अल्कोहोल पटकन पेट घेते, म्हणून खोली हवेशीर असावी आणि जवळ ज्योत नसावी. स्क्रीन आणि स्पीकरचे कागदी कोन यांना दोन्ही द्रव लावू नयेत. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने क्षार जागेवरच राहतात. हेअर ड्रायरची गरम हवा पाणी चिपखाली ढकलते. आपल्याकडे पाऊस सरला की हवा लवकर कोरडी होते. त्यामुळे बोर्ड सावलीत, पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवणे पुरेसे असते. कडक उन्हात मात्र ठेवू नये, तिथे स्क्रीनचे थर सुटतात.

दरम्यान पाणी कोठून आले हे शोधावे, नाहीतर सर्व श्रम वाया जातील. आपल्या बाबतीत माझा पहिला संशय वायपरखालच्या जाळीवर आहे, कारण कडुनिंबाची बारीक पाने तिथला निचरा बुजवतात आणि पाणी एसीच्या पंख्याच्या वाटेने आत उतरते. पाऊस नसतानाही ओल येत असेल, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असणार. सनरूफ असेल, तर त्याच्या कोपऱ्यांतील नळ्याही पाहाव्यात. कार्पेट उचलून खालचा फोम वेगळा वाळवणे आवश्यक आहे. वरून कोरडा दिसणारा फोम आठवडेच्या आठवडे ओल धरतो आणि तीच वाफ पुन्हा कपलरमध्ये शिरते.

जोडताना कायम 12 व्होल्ट देणाऱ्या तारेत 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणि फ्यूज मालिकेत जोडावा. बाहेरच्या सिस्टीममध्ये ही तार बहुधा पिवळी असते. कंपनीच्या वायरिंगमध्ये रंग वेगळे असू शकतात, म्हणून मल्टिमीटरने तपासावे. चावी बंद असताना बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच तार काढावी आणि बोर्ड चिपपातळीवर काम करणाऱ्या कारागिराकडे न्यावा. पिनांखालचे तांबेच खाल्ले गेले आहे असे त्याने दाखवले, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे मान्य करून सिस्टीम बदलावी.