आयुर्वेद जगभर पसरलाय म्हणतात, मग बीएएमएस करून जर्मनीत प्रॅक्टिस करता येईल का?

नुसत्या बीएएमएसवर नाही. तुम्ही नेरूळला दुसऱ्या वर्षाला आहात आणि एका एजंटने 'आता डब्ल्यूएचओची मान्यता आहे, काळजी नको' असं सांगितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी खारघरला वैद्य म्हणून प्रॅक्टिस करते.

एजंट बहुधा जानेवारी 2024 बद्दल बोलतोय. तेव्हा डब्ल्यूएचओच्या आयसीडी-11 या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या निदानांना कोड मिळाले. आता आमवाताची नोंद कुठल्याही देशात एकाच पद्धतीने होऊ शकते. काम मोलाचं आहे, पण ते नोंदीचं. उपचार लागू पडतो असा तो दाखला नव्हे, आणि परवाना तर नव्हेच. परवाना ज्या त्या देशाचा कायदा देतो. श्रीलंका आणि नेपाळमध्ये आयुर्वेद सरकारी आरोग्यव्यवस्थेत आहे. अमेरिकेत एकाही राज्यात वैद्याला परवाना मिळत नाही. आपली औषधं तिथे 1994 च्या कायद्याखाली पूरक आहार म्हणून विकली जातात.

जर्मनीत बहुतेक जण 'हाइलप्राक्टिकर' होतात, म्हणजे डॉक्टर नसूनही उपचार करायचा सरकारी परवाना घेतात. त्याचा कायदा 1939 चा. वय किमान 25 लागतं आणि आरोग्य खात्याची लेखी व तोंडी परीक्षा जर्मनमधून द्यावी लागते. तिथे चरकाची सूत्रं विचारत नाहीत. तुमच्या हातून रुग्णाला धोका होणार नाही ना, हे बघतात: शरीररचना, संसर्गजन्य रोग, कोणता रुग्ण ताबडतोब हॉस्पिटलला पाठवायचा. मला ही अट रास्त वाटते.

कारण पसारा वाढला तशी जबाबदारीही वाढली, आणि तिथे आपण कमी पडलोय. 2008 मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली 193 आयुर्वेदिक औषधं तपासली, तर जवळपास पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आपल्यातले काही जण याला परदेशी कारस्थान म्हणून मोकळे होतात, त्याचा मला मनापासून राग येतो. शोधन-मारण, म्हणजे धातू शुद्ध करून त्याचं भस्म करणं, नीट झालंय म्हणता ना, मग प्रत्येक बॅचचा लॅब रिपोर्ट दाखवा.

पुरावा दाखवणारेही आहेत. बर्लिनमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या 151 रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष 2018 मध्ये आले. 12 आठवड्यांनी आयुर्वेदिक उपचार घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम होता. कोणता उपचार मिळतोय हे रुग्णांना ठाऊक होतं, ही त्यातली मर्यादा. तरी असं काम मला शंभर जाहिरातींपेक्षा मोठं वाटतं.

तुम्ही दोन गोष्टी करा. जर्मन आत्तापासूनच शिकायला घ्या. हार्बरने सीएसएमटीला उतरलात की काळा घोड्याचं मॅक्सम्युलर भवन जवळच आहे, तिथे जर्मन शिकवतात. आणि इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीची ड्युटी टाळू नका, त्या तोंडी परीक्षेत तेच कामाला येईल. एजंटला पैसे देण्याआधी ज्या शहरात जायचंय तिथल्या आरोग्य कार्यालयाला ईमेल करून तुमच्या पदवीबद्दल लेखी उत्तर मागवा.