फीडबॅक घेतला आणि व्हिडिओच हातातून गेला

"मॅडम, कोणाला दाखवलाच नसता तर बरं झालं असतं." खुर्चीत टेकायच्या आधीच त्याचं हे पहिलं वाक्य. मीडियाच्या शेवटच्या वर्षाला, चौघांच्या ग्रुपचं म्युझिक व्हिडिओचं प्रोजेक्ट, एडिटिंग ह्याच्याकडे. लिहायला त्याची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. पण प्रश्न एकट्याचा नाहीच, दरवर्षी प्रोजेक्टच्या दिवसांत कोणी ना कोणी हेच घेऊन येतं: लोक दहा तोंडांनी दहा गोष्टी सांगतात, ऐकायचं कोणाचं?

झालं असं होतं की रफ कट, म्हणजे व्हिडिओची पहिली कच्ची जोडणी, तयार झाल्या झाल्या त्याने तो तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं "कसा वाटला सांगा". मग सुरू. एक म्हणाला स्लो आहे, ह्याने कट वाढवले, दुसरी म्हणाली गोंधळ वाटतोय, ह्याने कमी केले, कोणी म्हणे कलर डार्क आहे, कोणी म्हणे हिरोईन खोटी वाटते, तिला कमी दाखव. आठ दिवसांत अकरा व्हर्जन. ग्रुपमधले बाकीचे तिघे वैतागलेले, ह्याची झोप उडालेली आणि आता म्हणत होता की एडिटिंग हे आपलं कामच नाही.

मी म्हटलं, कमेंट वाचून दाखव. मोबाईल काढून वाचायला लागला, आणि माझ्या लक्षात आलं की बोट मध्येच भराभर वर जातंय. थांबवलं त्याला, म्हटलं मधल्या का गाळतोयस? तर त्या चांगल्या होत्या. मोजल्या आम्ही, तेवीसपैकी चौदा. त्या चौदा त्याच्या खिजगणतीतही नव्हत्या आणि एका मित्राचा "बोअर" हा एकच शब्द आठ दिवस डोक्यात घणासारखा पडत होता. मनाचं असंच असतं, वाईट शब्द चिकटतो आणि चांगला निसटतो, ह्यात त्याचा दोष काही नाही. पण मी विचारलं, बोअर कुठल्या सेकंदाला झालं? माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी त्याने विचारलं, तर मित्राने लेक्चर चालू असताना आवाज बंद ठेवून बघितला होता. म्युझिक व्हिडिओ!

पुढच्या भेटीत एक कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे समोरच्याला काय वाटलं, उजवीकडे त्याने काय कर म्हणून सांगितलं. मला मनापासून वाटतं की सगळी गुंतागुंत इथेच असते. पेशंट पोट दुखतंय म्हणाला तर ते खरंच मानायचं, पण गोळी कुठली ते त्याने ठरवायचं नसतं, तसंच प्रेक्षकाला जे वाटलं ते कधी खोटं नसतं, उपाय मात्र बऱ्याचदा चुकीचा असतो. "हिरोईन खोटी वाटते" हे डावीकडे गेलं, "तिला कमी दाखव" उजवीकडे. मग म्हटलं, आता फक्त डावी बाजू घेऊन एडिटिंगच्या टाइमलाइनवर, म्हणजे शॉट ओळीने लावलेल्या पट्टीवर, बस.

दोन दिवसांनी धावत आला. दुसऱ्या अंतऱ्यातला तिचा क्लोज-अप त्याने रात्री दोन वाजता नुसता डोळ्यांनी जुळवला होता, कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालेल्या आवाजाशी गाण्याचा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या चढउतारांची आकृती, लावून बघितलाच नव्हता. आवाज ओठांच्या तीन फ्रेम पुढे. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एक फ्रेम ४० मिलीसेकंदांची, तीन म्हणजे १२०. वाटतं, एवढ्याने काय होतंय, पण आयटीयू ह्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८ च्या शिफारशीत दिलंय की आवाज साधारण ४५ मिलीसेकंद पुढे गेला तरी माणसाला ते जाणवतं, मागे पडला तर मात्र १२५ पर्यंत खपून जातो. आणि हे जाणवतं म्हणजे "लिप सिंक (ओठ आणि आवाजाचा मेळ) गेलाय" असं कोणी म्हणत नाही, काहीतरी खोटं वाटतंय एवढंच म्हणतात आणि बिल फाटतं त्या बिचारीच्या अ‍ॅक्टिंगवर. तो सांगत असताना त्याचा चेहरा बघायला हवा होता. आठ दिवस तिचे शॉट कापत होता, आणि ती चांगलंच काम करत होती.

मग दुसऱ्या व्हर्जनवर परत गेला, सिंक नीट केला आणि ह्या वेळी ग्रुपवर टाकला नाही. ओळखीचे नसलेले पाच जण, एकेकाला हेडफोन लावून, समोर बसून. आधी स्वतःसाठी व्हिडिओची गोष्ट एका ओळीत लिहून ठेवली होती: भांडलेल्या दोन मैत्रिणी, शेवटी भेटत नाहीत. मी सांगितलं होतं की आवडला का विचारू नकोस, काय झालं असं वाटतं ते विचार, मध्ये काही समजावू नकोस आणि स्क्रीनकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. पाचातल्या तिघांनी सांगितलं, शेवटी गोडी झाली. शेवटचा हसरा शॉट घात करत होता. माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल, त्याने १९७३ मध्ये मांडलं होतं ना, की बनवणारा एक अर्थ घालतो, बघणारा तो तसाच घेतो, थोडा वळवून घेतो किंवा उलटाच काढतो, ते हा परीक्षेत पानभर लिहून आला होता, स्वतःच्या व्हिडिओला लावून बघायचं राहून गेलं होतं. तो शॉट काढला.

आणि अजून एक, डार्क कलर त्याने बदललाच नाही. पाचातले दोघं पुन्हा तेच म्हणाले, तरी नाही. चौघांनी बसून ठरवलेला मूड होता तो, आणि रिपोर्टमध्ये त्याने कारणासकट लिहिलं की हा फीडबॅक ऐकला, विचार केला आणि घेतला नाही. मला विचारत होता, असं लिहिलेलं चालतं का. मी म्हटलं, अरे, इतक्या दिवसांत पहिल्यांदा फीडबॅक वापरलास तू.

सबमिशनच्या आदल्या रात्री त्याचा मेसेज आला, साडेदहाला: "एक्स्पोर्ट झाला. झोपतोय."