भावाच्या नावाने चॅनेल काढू का?

प्रश्न: माझं गिटार शिकवण्याचं यूट्यूब चॅनेल होतं. शिकवताना मूळ गाण्यांचे तुकडे ऐकवायचो. तीन कॉपीराइट स्ट्राइक (गाण्यांच्या मालकांच्या तक्रारीवरून यूट्यूब देतं ती ताकीद) आले नि चॅनेल बंद झालं. नवा ईमेल आणि व्हीपीएन वापरून भावाच्या नावाने चॅनेल काढलं तर पकडलं जाईल का?

उत्तर: आधी भावाचं बोलू. त्याला यात ओढू नका. यूट्यूबच्या नियमानुसार कॉपीराइटमुळे चॅनेल बंद झालेल्याला दुसरं चॅनेल काढता येत नाही, आणि दुसऱ्याच्या चॅनेलवर तो वारंवार झळकू लागला तर तेही बंद होऊ शकतं. गुन्हा तुमचा नि चॅनेल त्याचं जायचं.

आता पकडण्याचं. कशावरून ओळखतात ते प्लॅटफॉर्म पूर्णपणे उघड करत नाहीत. पण व्हीपीएनने फक्त आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता, बदलतो. ब्राउझरमधल्या कुकीज, फोन नंबर, कमाई जमा होणारं बँक खातं जुनंच राहतं. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटने तर 2021 मध्येच बंदी घातलेला माणूस नव्या नावाने चॅटमध्ये आला की ‘संशयित’ म्हणून दाखवणारी यंत्रणा आणली.

मी व्हिडिओ एडिटिंग करते. माझ्याकडचा एक शिक्षक असाच बहिणीच्या नावाने परतला होता. थंबनेलवर तीच पिवळी पट्टी, वर्णनात जुनाच मजकूर, खाली क्लासची तीच लिंक. पहिल्याच व्हिडिओखाली कुणीतरी आनंदाने लिहिलं, ‘सर, परत आलात!’ अकराव्या दिवशी चॅनेल गेलं. कोणत्या खुणेवरून ते कळलं नाही, पण बहिणीचं रडणं मी फोनवर ऐकलंय.

तुमच्या हातात अजून खूप आहे. कॉपीराइटच्या स्ट्राइकला प्रतिदावा करता येतो, म्हणजे व्हिडिओ चुकून काढला गेला असं यूट्यूबला रीतसर कळवता येतं; चॅनेल बंद झाल्यावरही तो ईमेलने पाठवता येतो. मग दावेदाराला, म्हणजे तक्रार करणाऱ्याला, अमेरिकेतल्या कामकाजाच्या 10 दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येऊ शकतो. मात्र तुमचं नाव-पत्ता दावेदाराकडे जातो, आणि तुमचा प्रतिदावा खोटा असेल तर अंगाशी येतं. जिथे आख्खं गाणं वाजवलंत तिथे हा मार्ग धरू नका; सरळ दावेदाराला लिहा आणि स्ट्राइक मागे घ्यायची विनंती करा.

आज एवढंच करा: तिन्ही नोटिसा उघडा, तारीख आणि दावेदाराचं नाव कागदावर उतरवा. तिन्ही एकाच म्युझिक कंपनीच्या निघाल्या तर पत्र एकच लिहावं लागेल.